पेण ते रोहा : तेहतीस किलोमीटरांचे अंतर

रायगड जिल्ह्याच्या नकाशावर पेण आणि रोहा या दोन ठिपक्यांना जोडणारी पट्टी ठेवली, तर रेषा जवळजवळ सरळ दक्षिणोत्तर पडते. दोन्ही गावांच्या रेखांशांत फरक नावापुरताच आहे. अक्षांशांतील फरक अंशाच्या तीन दशांशांइतका भरतो. हिशेब मांडला की हवाई अंतर सुमारे ३३ किलोमीटर येते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या प्रवासी विमानाला एवढे अंतर कापण्यास अडीच मिनिटे पुरतात. अर्थात पेणला विमानतळ नाही आणि रोह्यालाही नाही. उद्या दोन्हीकडे बांधला, तरी विमानाने पुरती उंची गाठण्यापूर्वीच त्याला उतरण्याची तयारी करावी लागेल. पेणहून रोह्याला विमानाने जाण्याचा विचार आजवर कोणाच्या मनात आला नसेल.

तरीही हा अडीच मिनिटांचा आकडा टाकून देण्यासारखा नाही. शेजारी दुसरे आकडे मांडले की त्याला अर्थ येतो. लोहमार्गाने पेण ते रोहा हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. रस्त्याने वडखळ, नागोठणे आणि भिसे खिंड या वाटेने तेही साधारण तितकेच पडते. खिंड टाळून कोलाडवरून गेल्यास आणखी दहा-बारा किलोमीटरांचा वळसा पडतो. मोटारीला रस्ता चांगला असल्यास तास लागतो, भर पावसात आणि सणासुदीच्या गर्दीत दोन तासही अपुरे पडतात. पायी चालणाऱ्यास तीन दिवस हवेत. जलमार्गाचे उत्तर मात्र विचित्र आहे. पेणहून निघालेल्या होडीला रोह्याला पोहोचायचे, तर प्रथम उत्तरेकडे मुंबईच्या बंदरात उतरावे लागेल, मग रेवस आणि थळ यांना वळसा घालून उघड्या समुद्रातून अलिबागवरून दक्षिणेकडे यावे लागेल, रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखात शिरावे लागेल आणि तेथून भरतीवर स्वार होऊन वर सरकावे लागेल. अर्ध्या जिल्ह्याची प्रदक्षिणाच ती. एवढा खटाटोप करून शेजारच्या गावी जाण्याचे कारण कोणत्याही व्यापाऱ्याला सुचले नसते.

आणि ज्या काळात व्यापार पाण्यावरून चालत होता, त्या काळात या एका गोष्टीनेच दोन्ही गावांचे नाते ठरवून टाकले. पेण आणि रोहा हे शेजारी खरे, परंतु एकमेकांकडे पाठ करून बसलेले शेजारी.

पेण वसले आहे भोगावतीच्या काठी. गावाबाहेरील अंतोरे बंदरापर्यंत खाडीचे पाणी येई. ती खाडी पुढे धरमतरच्या मोठ्या खाडीला मिळते आणि धरमतरची खाडी करंजा आणि रेवस यांच्यामधून मुंबईच्या बंदरात उघडते. म्हणजे पेणच्या गलबताला उघडा समुद्र पाहावाच लागत नसे. तांदूळ, मीठ, गवत, लाकूडफाटा असा माल भरून पडाव निघाला की खाडीतून थेट मुंबईच्या धक्क्याला लागे. पेणच्या खारेपाटातील मिठागरे आणि भातशेती यांचे गिऱ्हाईक मुंबई शहर होते. त्यामुळे पेणच्या पेढीचे तोंड कायम उत्तरेला राहिले.

रोह्याची गोष्ट वेगळी. कुंडलिकेच्या दक्षिण तीरावर रोहा आणि उत्तर तीरावर अष्टमी. नगरपरिषदेचे नावच मुळी रोहा-अष्टमी. ही नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामध्ये थेट अरबी समुद्राला मिळते. जुने चौल बंदर त्याच मुखाशी. रोह्याचा माल मुंबईला जायचा असला, तरी त्याला आधी चौल-रेवदंड्याचे दर्शन घ्यावे लागे आणि नंतर खांदेरी-उंदेरीच्या बाजूने मोकळ्या समुद्राचा टप्पा पार करावा लागे. पेणच्या तांडेलास खाडीची भरती-ओहोटी कळली की काम भागत असे. रोह्याच्या तांडेलास त्यावर वारा आणि लाटाही वाचाव्या लागत. मुंबईच्या बाजारात दोन्ही गावांचा तांदूळ शेजारी शेजारी विकला गेला असेल, पण तेथवर येण्याच्या जोखमीत मोठे अंतर होते.

या वाटेचा एक जुना पुरावा शिवराज्याभिषेकाच्या वेळचा आहे. इ. स. १६७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून रायगडाकडे निघाला. तो पेणवरून आला नाही. मुंबईहून चौल, चौलहून कुंडलिकेच्या खाडीने अष्टमी आणि तेथून पुढे जमिनीवरून निजामपूरमार्गे पाचाड, असा त्याचा मार्ग होता. इंग्रजांच्या वृत्तांतात अष्टमीचे नाव ‘एस्थेमी’ असे मोडतोड होऊन आले आहे. राज्याभिषेकाला नजराणा घेऊन जाणाऱ्या आणि वाटेत एकही दिवस वाया घालविण्याची इच्छा नसलेल्या माणसाने जो रस्ता निवडला, तोच त्या काळचा जवळचा रस्ता समजला पाहिजे. पेणमार्गे जमिनीवरून येणे नकाशावर सोपे दिसते; प्रत्यक्षात मध्ये आंब्याची खाडी, दलदल आणि डोंगर होते.

पाण्यावरचे अंतर मैलांत मोजले जात नसे, ते तिथीवर मोजले जाई. कोकणच्या किनाऱ्यावर एक सोपा ठोकताळा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे : जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, एवढेच त्यामागचे गणित. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आगेमागे उधाणाचे पाणी येई आणि भरलेला पडाव खाडीत पार वरपर्यंत चढे; अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असे, तेव्हा जड मालाला खालीच थांबावे लागे. ज्या घरांत पंचांग पाहिल्याशिवाय दिवस उजाडत नाही, ज्या घरांत अष्टमी आणि चतुर्दशी हिरवी भाजी वर्ज्य करण्यासाठी लक्षात ठेवल्या जातात, त्या घरांतील पेढीवरही हीच तिथी माल कधी निघेल आणि कधी पोहोचेल याचा अंदाज देत असे. एकाच पंचांगावर घरचे व्रत आणि दुकानचा हिशेब दोन्ही चालत.

या दोन पाण्यांच्या मध्ये नागोठणे आहे. पेण आणि रोहा यांच्यामधील सरळ रेषा जवळजवळ त्याच्या डोक्यावरूनच जाते. आंबा नदीची भरती जेथवर पोहोचते त्या टोकाशी हे गाव वसले, म्हणून येथपर्यंतही मुंबईच्या होड्या येत. धरमतर आणि नागोठणे येथे पुढे आगबोटीही लागू लागल्या. नागोठण्याला आंबेवर एक जुना दगडी पूल आहे. इ. स. १५८० च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीनाने तो बांधविला, अशी नोंद कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. सोळाव्या शतकात एखाद्या धनिकाला या ठिकाणी पूल बांधावासा वाटला, यावरून खुष्कीच्या मार्गाने जाणाऱ्या माणसाची खरी अडचण कोठे होती हे समजते. पेण आणि रोहा यांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या गोष्टी मुख्यत्वे दोनच : एक आंबा नदी आणि दुसरी नागोठणे व रोहा यांच्यामधील भिसे खिंड. नदीवर पूल झाला. खिंड अजून आहे तेथेच आहे, एस. टी. तिच्या वळणांवरून आजही दम टाकीत चढते.

नदीचा विचार मात्र एका पुलाने संपत नाही. आंबा ही खंडाळ्याच्या बाजूच्या घाटमाथ्यावरून उतरणारी नदी आहे. वर मुसळधार पाऊस आणि खाली उधाणाची भरती असा योग जुळला की तिचे पाणी मागे हटते आणि गावात शिरते. जुलै १९८९ मध्ये याच नदीच्या महापुराने सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा उद्ध्वस्त केले. खालच्या बाजूच्या नागोठण्यातही दर पावसाळ्यात दुकानदारांची एक नजर पाण्याकडे असते. बाजारपेठेतील जाणता दुकानदार साखरेची आणि कडधान्याची पोती आषाढात खालच्या थरावर ठेवीत नाही.

अंतराचा खर्च किती, हे व्यापाऱ्याच्या वहीत कधी एका जागी दिसत नाही. खतावणीत ‘अंतर’ नावाचे खाते नसते. त्याचा काही भाग भाड्यात जातो, काही तूटफुटीत, आणि सर्वांत मोठा भाग व्याजात लपलेला असतो. माल वाटेत आहे म्हणजे पैसा वाटेत आहे. मुंबईच्या आडत्याकडून रक्कम परत येईपर्यंत पेणचा व्यापारी मोकळा होत नसे. त्याचा पडाव एका भरतीत खाडीबाहेर पडला आणि दुसरीत धक्क्याला लागला, तर भांडवल वर्षातून अधिक वेळा फिरे. रोह्याच्या व्यापाऱ्याचे भांडवल वाऱ्याची वाट पाहत रेवदंड्याला थांबले, तर तितके दिवस व्याज त्याच्या अंगावर. दोघांच्या नफ्याचा दर कागदावर सारखा दिसला, तरी वर्षाअखेरची शिल्लक सारखी राहत नसे. ज्यांच्या घरी जुन्या चोपड्या अजून कपाटात आहेत, त्यांनी दिवाळीला पूजनापुरते बाहेर काढून परत ठेवण्यापूर्वी माल रवाना झाल्याची तिथी आणि रक्कम जमा झाल्याची तिथी यांमधील दिवस एकदा मोजून पाहावेत.

पावसाळ्यात तर हे अंतर मोजण्याचा प्रश्नच उरत नसे. ज्येष्ठ सरता सरता गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारली जात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होईपर्यंत बंदर बंद राहत असे. खाडीचे पाणीही निर्धास्त नव्हते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट मुंबई बंदराच्या तोंडाशीच उलटली आणि सहाशेहून अधिक उतारू बुडाले. गटारी अमावास्येचा तो दिवस होता. सणाला घरी निघालेल्या कुलाबा जिल्ह्यातील चाकरमान्यांचा त्यांत मोठा भरणा होता. त्या किनाऱ्यावरील कित्येक घरांत आजही ‘रामदास’ हे नाव घेतले की बोलणे थांबते.

बंदर बंद होण्याच्या आणि चातुर्मास बसण्याच्या वेळा जवळजवळ एकच. आषाढ शुद्ध चतुर्दशीला साधु-साध्वी महाराज एका जागी स्थिरावतात ते कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. यामागे जीवदयेचा विचार आहे. पावसात उगवणाऱ्या अंकुरांना आणि सूक्ष्म जीवांना पायदळी बाधा होऊ नये, हा हेतू. परंतु कोकणात या शास्त्राज्ञेला निसर्गाचीही साथ मिळत असे. त्या चार महिन्यांतील पहिले दोन महिने माल हलत नसे, उधारी वसूल होत नसे, गिऱ्हाईक शेतात गुंतलेले असे. दुकानाच्या फळीवर बसलेल्या माणसाला सकाळच्या व्याख्यानासाठी उठून जाण्यास मोकळीक मिळे. पर्युषणात दुकान बंद ठेवणे आज अनेकांना जड जाते; बंदराच्या काळात ते तुलनेने सोपे होते.

कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू झाला, की पेण ते रोहा या अंतराला पुन्हा एक जिवंत माप मिळते. अनवाणी पायांनी, कोणतेही वाहन न वापरता, दिवसाच्या उजेडात चालायचे आणि वाटेत गोचरीची व मुक्कामाची सोय पाहायची, म्हणजे पेण–वडखळ, वडखळ–नागोठणे, नागोठणे–रोहा असे टप्पे पडतात. पहिला टप्पा लहान आहे. दुसरा लांब. तिसरा खिंडीमुळे कष्टाचा. मोटारीतून जाणाऱ्याला वडखळ म्हणजे अलिबागचा फाटा आणि वडापावच्या गाड्या एवढेच दिसते. विहार करणाऱ्याला तेच गाव सावली कोठे आहे, उकळलेले पाणी कोणत्या घरी मिळेल, रात्री दिवा न लावता निजता येईल अशी ओसरी कोठे आहे, अशा स्वरूपात दिसते. या वाटेवरील सर्वांत कठीण गोष्ट पूर्वी खिंड होती. आता महामार्ग आहे. कंटेनर आणि टँकर यांच्या रांगेशेजारून, खडी पसरलेल्या कडेने, पहाटेच्या धुक्यात पांढऱ्या वस्त्रांतील दोन-चार साध्वीजी चालत असतात, तेव्हा सोबतीला गावातील तरुण चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घालून मागेपुढे चालतात. ही विहारसेवा कोणाला हौस म्हणून सुचलेली नाही. देशभरातील महामार्गांवर विहारात झालेल्या अपघातांच्या बातम्यांनी ती शिकविली.

पायी चालण्याचा विषय निघाला, म्हणजे पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक या खेड्याचे नाव घेतलेच पाहिजे. विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेथे जन्मले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीला त्यांना पहिले भूदान मिळाले आणि त्यानंतर तेरा वर्षांहून अधिक काळ हा माणूस देशभर चालतच राहिला. जैन समाजाला त्यांचे स्मरण आणखी एका कारणाने असते. चारही संप्रदायांना मान्य होईल असा जैन तत्त्वांचा एक सारग्रंथ व्हावा, ही त्यांची सूचना होती. त्यातून जिनेंद्र वर्णीजींनी संकलित केलेला ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या २५०० व्या वर्षाच्या निमित्ताने सिद्ध झाला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी अन्न आणि औषध यांचा त्याग करून त्यांनी पवनारला देह ठेवला.

विनोबांच्या जन्मानंतर अवघ्या चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळ नाते येथे चिंतामणराव देशमुख जन्मले. घराणे रोह्याचे. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढच्या वर्षी ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारताच्या प्रतिनिधिमंडळात बसले आणि १९५२ च्या निवडणुकीत याच कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले. विनोबा खेड्याखेड्यांतून जमिनीचे दान मागत हिंडत होते, त्याच वर्षांत देशमुख दिल्लीत देशाचा अर्थसंकल्प मांडत होते. एकाने पैशाला हात लावण्याचे टाळले, दुसऱ्याच्या सहीने देशाच्या नोटा चालल्या. देशमुखांचे निधन २ ऑक्टोबर १९८२ चे, विनोबांच्या आधी सहा आठवडे. ३३ किलोमीटरांच्या दोन टोकांकडून आलेली ही दोन आयुष्ये जवळजवळ एकाच वेळी सुरू झाली आणि एकाच वेळी संपली. पेण-रोह्याच्या शाळांमधून त्यांची नावे मात्र क्वचितच एका दमात घेतली जातात. पाठ करून बसण्याची सवय अशीही दिसते.

दोन्ही गावांना प्रथम एका दोरीत बांधले ते रेल्वेने. पनवेल आणि आपट्यापर्यंत आलेला लोहमार्ग १९८६ मध्ये रोह्यापर्यंत पोहोचला. हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी आणि रोहा अशी स्थानकांची माळ तयार झाली. हा मार्ग पेणच्या माणसाने रोह्याला जावे म्हणून टाकला गेला नव्हता. नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, रोह्याजवळील धाटावची औद्योगिक वसाहत आणि थळचा खत कारखाना यांच्या गरजा त्यामागे होत्या. गावकऱ्यांना मिळाली ती वरकड सोय. पण ती सोय मोठी होती. वडखळचा वळसा रेल्वेने टाळला. पेणहून ती सरळ कासूकडे निघते, शेतांतून आणि खाजणांच्या कडेने नागोठण्याला जाते आणि डोंगराच्या पायथ्याने रोह्यात उतरते. नकाशावरील त्या सरळ रेषेशी सर्वाधिक इमान राखणारा रस्ता हाच.

रोह्याला मात्र रेल्वेने एक वेगळेच स्थान दिले. मध्य रेल्वेची हद्द येथे संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. कोकण रेल्वेची कोनशिला १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्यातच बसली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. पुढच्याच वर्षी रोहा तालुक्यातील कोलाडहून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत मालभरले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा निघाली. ट्रकवाल्याने गाडी वाघिणीवर चढवायची, क्लीनरने तिच्याच सावलीत स्वयंपाक करायचा आणि घाटांतील डिझेल, टायर व जीव वाचवायचा. व्यापारी मनाला पटणारी अशी योजना या देशात थोडीच निघाली असेल. एके काळी बंदराच्या मागच्या बाजूला असलेले रोहा असे दक्षिणेचे दार झाले. मात्र दारात उभ्या असलेल्याला आत घेतीलच असे नाही. लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या पेण आणि रोहा दोन्ही स्थानकांवरून शिटी वाजवीत निघून जातात. स्थानिक प्रवाशाच्या वाट्याला दिवा आणि पनवेलकडून येणाऱ्या मोजक्या गाड्या येतात. एक चुकली की पुढच्या गाडीची वाट पाहण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात माणूस विमानाने मुंबईहून गोव्याला जाऊन उतरतो.

मग उरतो तो रस्ता. मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक १७, आताचा ६६. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरांच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले. पेण, वडखळ, नागोठणे आणि कोलाड ही सर्व गावे याच टप्प्यातील. त्यानंतर मुदतींमागून मुदती जाहीर झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले, आणि कामाला सुरुवात झाली तेव्हा शाळेत जाणारी मुले आता त्याच रस्त्याने स्वतःच्या मुलांना शाळेत सोडू लागली. एखाद्या कर्जदाराने इतक्यांदा मुदतवाढ मागितली असती, तर कोणत्याही बँकेने त्याचे खाते केव्हाच बुडीत धरले असते.

या रस्त्याची खरी किंमत कोणी मोजली असेल, तर ती पेणच्या मूर्तिकारांनी. पेण, हमरापूर, जोहे आणि आसपासच्या गावांत वर्षभर गणपतींच्या मूर्ती घडतात. शाडूची माती गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने येते. मूर्ती साऱ्या महाराष्ट्रात आणि परदेशांत जातात. शाडूची मूर्ती भाजलेली नसते. ती केवळ वाळलेली माती आहे. तिचा एक हात, सोंडेचे टोक किंवा मुकुटाचा कळस निखळायला एक खड्डा पुरेसा होतो. परदेशी जाणारी मूर्ती खोक्यात, भुशात आणि कागदात जपून बसविलेली असते आणि आधीच्या महिन्यांत निघून गेलेली असते. रोह्याला जाणारी मूर्ती टेम्पोत पेंढ्यावर उभी राहून, भर श्रावणात, खड्डे सर्वांत खोल असतात त्या आठवड्यांत निघते. परदेशाहून ‘मूर्ती सुखरूप पोहोचली’ असा निरोप येतो आणि ४० किलोमीटरांवरच्या रोह्याहून ‘दोन मूर्तींचे हात दुरुस्त करावे लागतील’ असा, ही गोष्ट पेणच्या बाजारात कोणालाही अशक्य वाटत नाही. खंडित मूर्ती गिऱ्हाईक घेत नाही. तिची तूट कोणी सोसायची, पाठविणाऱ्याने की घेणाऱ्याने, यावरून वर्षानुवर्षांचे व्यवहार ताणले जातात. विमा उतरविण्याइतकी किंमत एका मूर्तीची नसते; सोडून देण्याइतकी कमीही नसते.

इकडे उत्तरेला मात्र अंतरे झपाट्याने आटत आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतू खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. पेण तालुक्यातील काही गावे नव्या नगराच्या आराखड्यात गेली आहेत आणि खारेपाटात भाताच्या खाचराकडे पाहून चौरस फुटांचा भाव सांगणारे दलाल दिसू लागले आहेत. जुन्या पेढीच्या तिसऱ्या पिढीतील मुलगा आज अंतोऱ्याचे बंदर कोठे होते हे सांगू शकणार नाही, पण विमानतळाला किती मिनिटे लागतात हे त्याला तोंडपाठ आहे. पेणचे तोंड पुन्हा एकदा उत्तरेला वळले आहे, शंभर वर्षांपूर्वी होते तसे; फक्त पडावाच्या जागी मोटार आली. रोह्याच्या घरातील मुलगी पेणला दिलेली असते, पेणच्या घाऊक दुकानातून रोह्याचे किरकोळ दुकान चालते, आणि तरीही पेणहून मुंबईला जाऊन येणे हे रोह्याला जाऊन येण्यापेक्षा कमी त्रासाचे वाटू लागते.

ज्यांना घाई नाही, किंवा ज्यांच्याजवळ फुटणारी वस्तू आहे, ते अजून रेल्वेच पसंत करतात. गणेश चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात पेण स्थानकाच्या फलाटावर पुठ्ठ्याच्या खोक्यावर हात ठेवून उभी असलेली चार-दोन माणसे हटकून दिसतात. घरची मूर्ती टेम्पोवर सोपविण्याची त्यांची तयारी नसते. गाडी आली की खोका मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसतात. कासू जाते. नागोठण्याला आंबेचे गढूळ पाणी पुलाखालून वाहताना दिसते. निडीनंतर डोंगर जवळ येतो आणि थोड्याच वेळात रोहा. खोक्याची दोरी न सोडता, वरच्या फटीतून एकदा आत पाहून, ती माणसे उतरतात.